मुलकी हक्क आणि अपत्याचा अधिकार : शेवगाव-पैठण सीमेच्या संदर्भात

मुंगी-शेवगावचा तह (६ मार्च १७२८) मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. प्रस्तुत टिपणात मात्र त्या तहाचा नव्हे, तर त्याच परिसरातील एका उत्तरकालीन सीमेचा विचार करावयाचा आहे. इंग्रजी अमलात शेवगाव तालुका नगर जिल्ह्यात, तर गोदावरीपलीकडील पैठण निजामाच्या राज्यात होते. दोन्ही तीरांची भाषा एक, पण प्रजाजनत्व भिन्न. सोयरिकी नदी पाहून होत नाहीत. तेव्हा अशा संसारातील मुलाने कोणत्या राज्याचे म्हणवून घ्यावयाचे?

हैदराबाद संस्थानाच्या १९१९ च्या नियमांत याचे उत्तर सापडते. गैरमुलकी माणसास निजामाच्या खास मंजुरीवाचून सरकारी नोकरी मिळत नसे. (‘मुलकी’ म्हणजे येथे महसुली नव्हे, तर मुलखाचा, हे ध्यानी ठेवावे.) बाहेरून आलेल्यास मुलकी होण्यासाठी १५ वर्षांचे कायम वास्तव्य, मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र आणि त्यावर मॅजिस्ट्रेटची साक्ष लागे. मुलास ही खटपट नको होती. परंतु त्याच्या जन्मसमयी पिता मुलकी असला पाहिजे, अथवा १५ वर्षे पुरी करून सरकारी सेवेत असला पाहिजे, अशी अट होती.

‘जन्मसमयी’ या एका शब्दात सारा पेच आहे. शेवगावहून पैठणास जाऊन स्थायिक झालेल्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. त्याला दहाव्या वर्षी झालेला मुलगा जन्माने मुलकी ठरत नाही. प्रतिज्ञापत्रानंतर झालेला धाकटा ठरतो. एकाच ओसरीवर वाढलेल्या सख्ख्या भावांत नियमाने असा भेद केला.

मातेच्या बाबतीत तर नियम अधिकच बोलका आहे. मुलकी पुरुषाची पत्नी विवाहाने मुलकी होई. शेवगावची कन्या पैठणास दिली आणि पहिल्या बाळंतपणास माहेरी आली, तर इंग्रजी हद्दीत जन्मलेले तिचे मूल मुलकीच. उलट पैठणची कन्या शेवगावास दिली, तर पैठणच्या आजोळी जन्मूनही मूल गैरमुलकी. जन्मभूमीला येथे किंमत नाही. किंमत पित्याच्या दर्जाची. अमेरिकेच्या विद्यमान कायद्यात नागरिक आई किंवा बाप यांपैकी कोणीही एकवीस वर्षांखालील अविवाहित अपत्यासाठी कायम वास्तव्याचा अर्ज करू शकते, आणि २००२ च्या सुधारणेनुसार त्या अपत्याचे वय अर्ज दाखल झाल्या दिवशी गोठते. हैदराबादच्या नियमात घड्याळ जन्मक्षणीच थांबत असे, आणि तेही केवळ पित्याकडे पाहून. दोहोंत मला ही तुलना अधिक महत्त्वाची वाटते. नोकरीच्या मक्तेदारीची चर्चा पुष्कळ झाली आहे.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, तरी नियम लगेच सुटले नाहीत. संविधानाने नोकरीसाठी वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार संसदेस दिला, पण पूर्वीचे असे कायदे तूर्त चालू ठेवले. १९५२ मध्ये हैदराबादेत मुलकी आंदोलन पेटले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा शेवगाव व पैठण एका राज्यात आली; १९५७ चा वास्तव्यविषयक केंद्रीय कायदा १९५९ मध्ये अमलात आला. तेलंगणात मात्र वाद १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि नियम १९७३ मध्ये रद्द झाले.