सर्व्हिस रायफल नेमबाजी, अमेरिकन

लष्करी धाटणीच्या रायफलींनी खेळला जाणारा अमेरिकन नेमबाजीचा प्रकार. ओहायो राज्यात ईरी सरोवराकाठी असलेल्या कॅम्प पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात. २००, ३०० व ६०० यार्डांवर उभे राहून, बसून आणि पालथे पडून नेम धरतात. एम-१ गॅरंड व एम-१४ नंतर आज एआर-१५ घडणीची रायफल सर्वाधिक दिसते.

बाह्य रूप लष्करी ठेवून आतून ती स्पर्धेसाठी बांधतात. कौशल्य येथेच लागते. नळी जाड, अचूक कोरलेली व २० इंचांपर्यंतच असते. पुढचे आवरण तिला टेकू देत नाहीत. नाहीतर कातडी पट्ट्याच्या ताणाने गोळी भरकटते. सात-आठ इंचांत एक फेरा घेणारे पेच ८० ग्रेनची लांब गोळी ६०० यार्डांपर्यंत स्थिर ठेवतात. चाप साडेचार पौंडांपेक्षा कमी दाबाने सुटता कामा नये. २०१६ पासून साडेचारपट दुर्बिणीला परवानगी आहे. नवोदिताने दुर्बिणीआधी चांगली नळी व सरावाची काडतुसे यांवर खर्च करावा.