बॅप्टिस्ट मंडळ्या, यादवीनंतरच्या अमेरिकेतील

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर (१८६१–६५) गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी दक्षिणेकडील राज्यांत उभारलेल्या स्वतंत्र ख्रिस्ती मंडळ्या. बॅप्टिस्ट पंथात बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते. त्यामुळे गोऱ्यांच्या मंडळ्यांतून वेगळे व्हायला कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही. गोऱ्यांनी त्यांना बाहेर काढले की ते आपण होऊन निघाले, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. रिचमंडच्या फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चचे पाळक युद्धसमाप्तीपर्यंत गोरे होते; १८६७ मध्ये जेम्स होम्स हे पूर्वाश्रमीचे गुलाम पाळक झाले.

विवाह : गुलामांच्या लग्नाला कायद्याचा आधार नव्हता. एकत्र नांदणाऱ्या जोडप्यांना व्हर्जिनियाने १८६६ मध्ये मान्यता दिली. पण पूर्वी दूर विकला गेलेला नवरा परतला आणि दरम्यान बायकोने दुसरे घर केलेले असले, तर काय करायचे? असे प्रश्न मंडळीच्या बैठकीपुढे येत. मुक्तीचा खरा कस अशा घरगुती निवाड्यांतच लागला.

शिक्षण : रिचमंडमध्ये रॉबर्ट लंपकिन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा तुरुंग होता. पळून गेलेल्या व विक्रीला आणलेल्या माणसांना तेथे डांबत. फटके मारण्याच्या खोलीत जमिनीला लोखंडी कड्या होत्या. पुढे बॅप्टिस्ट पाळक झालेले अँथनी बर्न्स १८५४ मध्ये तेथेच कैदेत होते. लंपकिनच्या मृत्यूनंतर जागा त्याची बायको मेरी हिच्याकडे आली. ती स्वतः एके काळी त्याची गुलाम होती. धर्मशिक्षणाच्या शाळेसाठी जागा शोधणारे नथॅनिएल कॉल्व्हर यांना रस्त्यात कृष्णवर्णीयांचा एक घोळका भेटला. त्यात मेरी होती, आणि तिनेच आपली जागा सुचवली. १८६७ मध्ये ती भाड्याने मिळाली, खिडक्यांचे गज काढले गेले आणि वर्ग भरू लागले. आजच्या व्हर्जिनिया युनियन विद्यापीठाचे हे एक मूळ होय. ऑगस्टा येथील स्प्रिंगफील्ड बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात त्याच वर्षी निघालेल्या शाळेचे पुढे मोरहाउस कॉलेज झाले.

जमीन : जानेवारी १८६५ मध्ये सव्हाना येथे उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांना भेटलेल्या वीस कृष्णवर्णीय धर्मसेवकांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझियर बॅप्टिस्ट होते. त्यांनी आपली व पत्नीची सुटका १,००० डॉलर मोजून विकत घेतली होती. आम्हाला जमीन द्या, ती कसून आम्ही पोट भरू, हे त्यांचे मागणे. चार दिवसांत शर्मन यांचा जमीनवाटपाचा हुकूम निघाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वर्षी बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत दिली. बहुसंख्य कुटुंबे वाट्याने कसू लागली.

अंत्यविधी : वर्गणीतून चालणारी मंडळे खर्च उचलत.

संघटना : नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनची स्थापना अटलांटा येथे १८९५ मध्ये झाली.