‘चौदा वर्षांपर्यंत’ ते ‘सहा ते चौदा’ : मूलभूत शिक्षणाच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या आघाड्यांचा इतिहास

भारतीय राज्यघटनेच्या मूळ ४५व्या अनुच्छेदात बालकांच्या वयाची केवळ वरची मर्यादा नमूद होती. घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत सर्व बालकांना वयाची चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्यसंस्था प्रयत्नशील राहील, असा त्याचा आशय होता. २००२ मध्ये ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, तेव्हा २१-क या नव्या अनुच्छेदात ‘सहा ते चौदा’ अशी शब्दयोजना आली. तत्त्वाचा हक्क झाला. परंतु ज्याला हा हक्क मिळाला त्या बालकाचे वय सहापासून सुरू झाले. या दोन शब्दयोजनांमधल्या बावन्न वर्षांच्या अखेरच्या दशकात स्वयंसेवी संस्था, शिक्षक संघटना, बालमजुरीविरोधी मोहिमा आणि अभ्यासक यांच्या आघाड्या देशभर उभ्या राहिल्या. त्यांनी काय मिळवले आणि मिळवताना त्यांच्या हातून काय निसटले, हे वयाच्या या आकड्यांच्या आधारे जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य साधनांनी होते.

पूर्वपीठिका

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी महाराष्ट्राला नवी नव्हती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, हा त्या निवेदनाचा गाभा होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदे संस्थानात लागू केला. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात तेच पाऊल उचलले.

ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. विधेयक अत्यंत मवाळ होते. सक्ती सहा ते दहा वयाच्या मुलांपुरती मर्यादित होती आणि ती लागू करावी की नाही, हे स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोडलेले होते. तरीही ऐच्छिक प्रसाराचा मार्ग अजून संपलेला नाही, सक्तीची वेळ आलेली नाही, असा सरकारी पक्षाचा सूर राहिला आणि मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. फुले, सयाजीराव, शाहू आणि गोखले यांच्या प्रयत्नांमागे समाजसुधारकाची तळमळ, राजाची सत्ता किंवा विधिज्ञाचे कौशल्य होते. परंतु ज्यांच्या मुलांसाठी हे सर्व चालले होते, त्या पालकांची संघटित शक्ती अद्याप या प्रश्नामागे नव्हती.

घटना तयार होत असताना मोफत प्राथमिक शिक्षणाची तरतूद आरंभी मूलभूत हक्कांच्या यादीत होती. १९४७ मध्ये सल्लागार समितीच्या स्तरावर ती न्यायालयात दाद मागता न येणाऱ्या तत्त्वांकडे सरकली. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत या अनुच्छेदावर चर्चा झाली, तेव्हा प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे, हा मसुद्याचा पहिला भाग वगळण्याची पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांची दुरुस्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारली. कारण मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात हक्काची भाषा विसंगत ठरली असती. मात्र तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करण्याची नझिरुद्दीन अहमद यांची सूचना त्यांनी नाकारली. चौदा वर्षांखालील बालकाला कारखान्यात वा धोक्याच्या कामावर ठेवण्यास घटनेनेच मनाई केली आहे. तेव्हा काम नाही तर त्या बालकाचे स्थान शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘चौदा’ हा आकडा शाळेच्या इयत्तांवरून नव्हे, तर बालमजुरीच्या प्रश्नावरून ठरला होता, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये संपली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) समान शाळा पद्धतीची शिफारस केली आणि शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील. शाहू महाराजांच्या प्रयोगाचा वारसा लाभलेल्या भूमीतून आलेल्या या शिक्षणतज्ज्ञाच्या हातून समान शाळेचा विचार राष्ट्रीय धोरणाच्या दस्तऐवजात पोहोचला. परंतु तो दस्तऐवजातच राहिला.

आघाड्यांचा उदय

१९९० नंतर चित्र पालटले. त्याला तीन प्रवाह कारणीभूत झाले. पहिला प्रवाह न्यायालयीन. मोहिनी जैन (१९९२) आणि उन्नीकृष्णन (१९९३) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाचा संबंध जीविताच्या हक्काशी जोडला. उन्नीकृष्णन निकालाने चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. त्या निकालातही खालची वयोमर्यादा नव्हती.

दुसरा प्रवाह बालमजुरीविरोधी कार्याचा. आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली एम. व्ही. फाउंडेशनने १९९१ पासून वेठबिगार व मजूर मुलांना शाळेत आणण्याचे काम हाती घेतले. शाळेबाहेरचे प्रत्येक मूल हे बालमजूरच होय, ही या संस्थेची भूमिका. त्यामुळे चूल, पाणी आणि धाकटे भावंड सांभाळणारी मुलगीही बालमजुराच्या व्याख्येत आली. घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी मांडलेले काम आणि शाळा यांचे नाते अशा रीतीने गावपातळीवर प्रत्यक्षात उतरू लागले.

तिसरा प्रवाह पाहणीचा व अभ्यासाचा. १९९६ मध्ये उत्तरेकडील पाच राज्यांत झालेल्या पाहणीवर आधारित ‘प्रोब’ अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला शिक्षण मिळणे महत्त्वाचे आहे असे ९८ टक्के पालकांनी सांगितले. मुलीच्या बाबतीत हे प्रमाण ८९ टक्के होते. गरीब पालक शिक्षणाविषयी उदासीन असतात, ही समजूत गोखल्यांच्या काळापासून धोरणकर्त्यांच्या मनात घर करून होती. तिचा पायाच या आकड्यांनी काढून घेतला. दोष पालकांच्या इच्छेत नसून न चालणाऱ्या शाळांत आहे, असे आता पुराव्यानिशी म्हणता येऊ लागले.

जुलै १९९७ मध्ये शिक्षण मूलभूत हक्क करणारे ८३वे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत मांडले गेले आणि पुढे रेंगाळले. त्याचा पाठपुरावा करण्यासाठी ‘नॅशनल अलायन्स फॉर द फंडामेंटल राइट टू एज्युकेशन’, संक्षेपाने ‘नाफ्रे’, ही आघाडी उभी राहिली आणि अनेक राज्यांतील शेकडो लहानमोठ्या संस्था तिच्याशी जोडल्या गेल्या. याच सुमारास आंतरराष्ट्रीय पातळीवरही हालचाल सुरू झाली. बालमजुरीविरुद्धची जागतिक पदयात्रा १९९८ च्या जानेवारीत मनिलाहून निघून जूनमध्ये जिनिव्हाला पोहोचली. १९९९ मध्ये या पदयात्रेचे संघटक, जागतिक शिक्षक महासंघ, ऑक्सफॅम आणि ॲक्शनएड यांनी मिळून ‘ग्लोबल कॅम्पेन फॉर एज्युकेशन’ स्थापन केली. एप्रिल २००० मध्ये डाकार येथील जागतिक शिक्षण परिषदेत १६४ देश सहभागी झाले. शिक्षणाबाबत गंभीर असलेला कोणताही देश केवळ साधनसंपत्तीअभावी अडणार नाही, असे आश्वासन तेथे दिले गेले. जागतिक मोहिमेचे अध्यक्षपद कैलाश सत्यार्थी यांच्याकडे होते. त्यांनीच २००१ मध्ये कन्याकुमारी ते दिल्ली अशी शिक्षा यात्रा काढली. अशा प्रकारे दिल्लीतील विधेयक, रंगारेड्डीतील गाव आणि डाकारमधील जाहीरनामा एका मागणीच्या सूत्रात ओवले गेले.

२८ नोव्हेंबर २००१

या दिवशी नव्याने मांडलेले ९३वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत झाले. त्याच दिवशी ‘नाफ्रे’च्या हाकेवरून देशभरातून आलेले हजारो पालक व कार्यकर्ते दिल्लीत जमले होते. हा जमाव विजयोत्सवासाठी आलेला नव्हता. हक्क मिळावा, परंतु तो या शब्दांत नको, अशी त्याची भूमिका होती. आक्षेप मुख्यतः तीन होते. सहा वर्षांखालील बालके हक्काबाहेर ठेवली होती. हक्काचे स्वरूप राज्यसंस्था कायद्याने ठरवील तसे राहणार होते. आणि मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आई-वडिलांचे मूलभूत कर्तव्य ठरवले होते. घटनेतील हे अकरावे कर्तव्य. ज्यांच्या गावात चालणारी शाळाच नाही, त्यांच्यावर कर्तव्याचे ओझे टाकणारी ही तरतूद आंदोलकांना अन्यायाची वाटली.

खर्चाच्या आकड्यांतही घट झाली होती. तपस मजुमदार समितीने १९९९ मध्ये दहा वर्षांत सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये अतिरिक्त लागतील असा अंदाज दिला होता. विधेयकासोबतच्या वित्तीय निवेदनात हाच आकडा दहा वर्षांसाठी ९८ हजार कोटींवर आला.

सहा वर्षांखालील बालकांचा प्रश्न सर्वांत गंभीर होता. बाल संगोपनाच्या क्षेत्रातील संस्थांची ‘फोर्सेस’ ही आघाडी १९८९ पासून पाळणाघरे व बालवाड्यांची मागणी करत आली होती. धाकट्या भावंडाला सांभाळणारी सोय नसेल तर थोरली बहीण शाळेत जाऊ शकत नाही, हे तिचे साधे सूत्र. म्हणजेच सहाखालील बालकाला वगळल्याने सहावरील मुलीचा हक्कही कागदोपत्री राहण्याचा धोका होता. विधेयक मात्र आक्षेपांसह तसेच पुढे गेले. राज्यसभेने मे २००२ मध्ये त्यास संमती दिली आणि १२ डिसेंबर २००२ रोजी राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीने ते ८६वी घटनादुरुस्ती झाले. ४५वा अनुच्छेद सहा वर्षांखालील बालकांपुरता उरला, तोही ‘प्रयत्नशील राहील’ या जुन्याच क्रियापदासह.

याच २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत किमान २०० दिवस शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा अंतरिम आदेश राज्यांना दिला. त्यामागेही नागरी संघटनांची चिकाटी होती. घटनादुरुस्तीला प्रत्यक्ष कायद्याचे रूप येण्यास पुढे आठ वर्षे लागली. शिजवलेल्या अन्नाचा आदेश मात्र टप्प्याटप्प्याने त्याआधीच शाळाशाळांत पोहोचला. मोजता येईल असे मागणे आणि तत्त्व म्हणून केलेले मागणे यांच्या वाटचालीतील हा फरक बोलका आहे.

एकी आणि फाटाफूट

हक्क मिळाल्यावर आघाडीचे स्वरूप बदलले. शिक्षक संघटना व बालमजुरीविरोधी संस्था ‘नॅशनल कोअलिशन फॉर एज्युकेशन’च्या रूपाने संघटित झाल्या. शिक्षण हक्क कायदा ऑगस्ट २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तोवर दोन भूमिका स्पष्ट झाल्या होत्या. जून २००९ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय शिक्षण हक्क मंचाने, अनिल सद्गोपाल आदींच्या पुढाकाराने, हा कायदाच नाकारला. समान शाळा पद्धतीशिवाय शिक्षणाचा हक्क म्हणजे विषमतेला दिलेली कायदेशीर मान्यता, असे या मंचाचे म्हणणे. उलट, २०१० मध्ये एकत्र आलेल्या ‘आरटीई फोरम’ने कायद्यातील त्रुटी मान्य करूनही त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचा मार्ग पत्करला.

या मतभेदाकडे केवळ नेतृत्वाचा संघर्ष म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ‘सर्वांना शिक्षण’ या शब्दांभोवती सर्व जमू शकतात. परंतु ‘कोणत्या शाळेत, कोणत्या वयापासून, कोणाच्या खर्चाने’ हे प्रश्न पुढे येताच त्या शब्दांतील संदिग्धता उघडी पडते. आघाडीला बळ देणारी ही संदिग्धताच कायद्याचा मसुदा करणाऱ्यांच्या पथ्यावर पडली.

खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागांची तरतूद याचे उत्तम उदाहरण होय. तिला एका पक्षाने समावेशनाचे साधन मानले, दुसऱ्याने समान शाळेला दिलेली बगल मानली. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना या तरतुदीतून वगळले, तेव्हा पालक व संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला. हक्क सदोष असला तरी तो हक्क असल्यामुळेच ही दाद मागता आली, हे कायदा नाकारणाऱ्यांनाही विचारात घ्यावे लागेल. शेजारी सरकारी शाळा असताना पालकांना खासगी शाळेचाच दरवाजा का ठोठवावा लागतो, या प्रश्नाचे उत्तर कायद्याचे समर्थन करणाऱ्यांना द्यावे लागेल.

समारोप

फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत मागितले, गोखल्यांनी सहा ते दहावर समाधान मानण्याची तयारी दाखवली, घटनाकारांनी चौदापर्यंतचे वचन दिले आणि संसदेने सहा ते चौदा असा हक्क दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत टप्प्यात धरले. परंतु न्यायालयात दाद मागता येईल अशा हक्काची खालची मर्यादा त्या धोरणाने बदललेली नाही. धोरण इच्छा व्यक्त करते, हक्क उत्तरदायी ठरवतो. तीन ते सहा वयाचे बालक अद्याप पहिल्याच्या कक्षेत आहे.

नागरी आघाड्यांनी शंभर वर्षांहून जुनी मागणी घटनेच्या हक्कांच्या प्रकरणात पोहोचवली, ही कामगिरी मोठी आहे. त्याच वेळी, ज्या बालकांना स्वतःचा मोर्चा काढता येत नाही आणि ज्यांच्या वतीने बोलणारे संख्येने थोडे असतात, त्यांचाच हक्क तडजोडीत प्रथम सुटतो, हेही या इतिहासातून दिसते. अंगणवाडीच्या दाराशी धाकट्याला सोडून शाळेकडे निघालेली मुलगी ही या चळवळीच्या यशाची खरी कसोटी आहे. ते दार उघडे असणे हा आजही हक्क नाही, शासनाची योजना आहे.