छिद्रांच्या तबकडीची दूरचित्रवाणी

दूरचित्रवाणीचा शोध कोणी लावला, असे विचारले की ‘जॉन लोगी बेअर्ड’ हे उत्तर वर्गातून हमखास येते. पण बेअर्डची पद्धत मागे का पडली? नागपुरात काही शिक्षकांबरोबर आम्ही पुठ्ठ्याची एक तबकडी करून पाहिली, तेव्हा याचे उत्तर साध्या गणितात सापडले.

तार एका क्षणी प्रवाहाचे एकच मूल्य वाहून नेते. मग अख्खे चित्र पाठवायचे कसे? बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पॉल निपको याने १८८४ साली युक्ती काढली. तबकडीच्या कडेजवळ समान अंतरांवर छिद्रे पाडायची, पण प्रत्येक छिद्र आधीच्यापेक्षा केंद्राच्या किंचित जवळ. तबकडी फिरली की पहिले छिद्र चित्राच्या माथ्यावरून एक रेषा ओढते, दुसरे तिच्याखालची. एका फेरीत चित्र पूर्ण होते. छिद्रातून आलेला प्रकाश सेलेनियमच्या घटावर पडतो व उजेडाप्रमाणे प्रवाह कमीजास्त होतो. मात्र हा प्रवाह फार क्षीण असे आणि तो वाढवणारे व्हॉल्व्ह तेव्हा नव्हते. कल्पना कागदावरच राहिली.

व्हॉल्व्ह आल्यावर बेअर्डने २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये याच तत्त्वावर चालणारे यंत्र दाखवले. त्याच्या ग्राहकयंत्रात निऑनचा दिवा प्रवाहानुसार मंद-प्रखर होई आणि त्यापुढे तशीच तबकडी त्याच गतीने फिरे. रेषा जोडून चित्र बनवण्याचे काम दृष्टिसातत्य करी. १९२९ पासून बीबीसीवरून ३० रेषांचे असे प्रक्षेपण होऊ लागले.

आता गणित. चित्र २ सेंमी रुंद हवे, तर दोन छिद्रांत २ सेंमी अंतर हवे. ३० छिद्रांसाठी परीघ ६० सेंमी, म्हणजे व्यास सुमारे १९ सेंमी. १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई केंद्राची पद्धत ६२५ रेषांची, सेकंदाला २५ चित्रांची होती. त्यासाठी परीघ साडेबारा मीटर आणि व्यास सुमारे ४ मीटर लागेल! कडेचा वेग सेकंदाला ३१२ मीटर, म्हणजे जवळजवळ ध्वनीइतका. चित्र २ सेंमी उंच धरले तर छिद्र ०.०३ मिमीचे. त्यातून प्रकाश तो किती येणार?

इलेक्ट्रॉनांच्या शलाकेला ही अडचण नाही. तिचे वस्तुमान नगण्य असते. १९३६ साली बीबीसीने बेअर्डची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची इलेक्ट्रॉनिक पद्धत आळीपाळीने चालवून पाहिली. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्डची पद्धत बंद झाली.

तबकडी गेली, पण चित्राच्या ओळी पाडून त्या एकामागून एक पाठवण्याची कल्पना टिकली. आमच्या तबकडीला लहान मोटार जोडून तिच्यातून आम्ही खिडकीबाहेर पाहिले. हळू फिरताना प्रकाशाचे ठिपकेच सरकत होते. वेग वाढताच अंगणातले कडुनिंबाचे झाड उभे राहिले. हा प्रयोग वर्गात जरूर करावा.