वसाहतकालीन कथेतील प्रेम आणि प्रतीक

वसाहतीतील गोरा पुरुष आणि देशी स्त्री यांचे फसलेले प्रेम हा इंग्रजी लघुकथेचा एक ठळक विषय. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची (१८६५–१९३६) ‘बियाँड द पेल’ (१८८८) ही त्यातली सर्वांत धारदार कथा. तरुण विधवा बिसेसा इंग्रज ट्रेजॅगोला अक्षरांऐवजी वस्तूंचे पत्र धाडते: फुटकी बांगडी, पळसाचे फूल, भुसा, वेलदोडे. फुटकी बांगडी म्हणजे वैधव्य, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. शेवटी बिसेसाचे हात तोडले जातात, खिडकी बुजवली जाते; ट्रेजॅगो मात्र जखमी होऊनही साहेबांच्या जगात परततो. शिक्षेतली ही विषमता हेच कथेचे खरे मर्म. किपलिंगच्याच ‘विदाउट बेनिफिट ऑफ क्लर्जी’मध्ये (१८९०) गोऱ्या नायकाचे मूल तापाने आणि त्याची देशी सहचरी अमीरा पटकीने जाते, घरही पाडले जाणार असते, नात्याची खूणच उरत नाही.

सातारा-सांगली भागातील मराठी लेखनाने वेगळी वाट धरली. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी (१८९८–१९७६) रूपककथा रुजवली. तीत प्रतीक बोधाकडे झुकते. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांचा मातंग समाज इंग्रजी कायद्याने गुन्हेगार ठरवला होता. त्यांच्या ‘फकिरा’ (१९५९) कादंबरीत सत्तेशी थेट झुंज आहे. या परंपरेत प्रेमाचा विषय येतो तेव्हा त्याच्या आड येणारी भिंत प्रामुख्याने जातीची असते, वंशाची नव्हे.