जंताला पुरून उरणारी शेळी



शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो. पण पावसाळ्यात ओल्या रानात चरताना तिच्या पोटात एक बारीक जंत शिरतो. तो चौथ्या पोटात बसून रक्त पितो. मादी जंत दिवसाला हजारो अंडी घालते. मग शेळीची पापणी पांढरी पडते, जबड्याखाली सूज येते आणि करडं दगावतात.

१९६१ साली थायाबेंडाझोल हे औषध आलं, तेव्हा वाटलं, जंतांचा निकाल लागला. पण १९६४ सालीच अमेरिकेत मेंढ्यांचे जंत त्याला दाद देईनासे झाल्याचं दिसलं. १९८१ साली आयव्हरमेक्टिन आलं. त्याच दशकात दक्षिण आफ्रिकेत तेही कमी पडू लागलं. कारण साधं आहे. औषधातून जे जंत वाचतात, त्यांचीच पुढे पैदास होते.

तेव्हा तज्ज्ञांनी शेळीच्या जातीकडेही लक्ष दिलं. केनियात मोंबासाच्या दक्षिणेला, दमट समुद्रकिनाऱ्यावर, १९९० नंतरच्या दशकात दोन जाती एकत्र पाळून पाहिल्या. एक गाला, कोरड्या उत्तर भागातली, अंगानं मोठी. दुसरी पूर्व आफ्रिकेची ठेंगणी गावरान शेळी. जंत दोघींनाही झाले. पण गावरान शेळीच्या लेंड्यांत जंतांची अंडी कमी निघाली आणि तिची करडंही कमी मेली. मोठी शेळी डोळ्यांत भरते खरी, पण करडू जगलं तरच चार पैसे हाती येतात.

ही ताकद आईबापाकडून करडांत काही अंशी उतरते. म्हणून कळपातल्या कळपातही निवड करता येते. त्यासाठी एवढं करावं :

१. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालची पापणी उलटून पाहावी. लाल असेल तर ठीक, फिकी असेल तर औषध द्यावं. दक्षिण आफ्रिकेत यासाठी रंगांचा तक्ताच तयार झाला आहे.

२. ज्या शेळीला वारंवार औषध लागतं, तिला खूण करावी. तिची करडं पैदाशीला ठेवू नयेत.

३. पावसाळाभर जिची पापणी लाल राहिली, अशा शेळीचाच बोकड राखावा. सगळ्या कळपात त्याचंच रक्त उतरतं.

४. बोकड ठरवण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंड्या तपासून घ्याव्यात.

हे काम एका हंगामाचं नाही, त्याला काही वर्षं लागतात. तोवर आजारी जनावराला डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध द्यावंच.