ठराविक मुदतीचा बावा

गेल्या होळीला नंदुरबारच्या मित्राबरोबर काठीला गेलो होतो. अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीजवळ. इथली राजवाडी होळी म्हणजे रात्रभर ढोल आणि नाच, आणि होळी पेटते ती थेट पहाटे. मी कॅमेरा घेऊन 'बावा' शोधत फिरत होतो. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेची नक्षी, कमरेला भोपळे आणि घुंगरू. फोटो काय भारी येतात! एक आजोबा दमून जमिनीवर टेकले होते. मी शहाणपणा करून खाट पुढे ओढली. मित्रानं हात धरला. "नको रे, ते पाळतायत सध्या."

म्हणजे नवस. होळीच्या काळात काही दिवस बावा व्हायचं: खाट नाही, जमिनीवर झोपायचं, बायकोपासून लांब राहायचं. मुदत संपली की परत शेत आणि पोरंबाळं. मी ज्याला कॉस्च्युम समजत होतो, तो नेम होता. लाज वाटली.

आपल्या डोक्यात संन्यास म्हणजे वन-वे तिकीट. शाळेत चार आश्रम शिकवले तेही जिन्यासारखे, एकापुढे एक. पण जुन्या धर्मसूत्रांत तो जिना नाहीच! शिक्षण झालं की चारांतला एक आयुष्यभरासाठी निवडायचा, असा तिथला विचार. गौतम तर म्हणतो की खरा आश्रम एकच, गृहस्थाचा. जिना पक्का झाला तो पुढे, मनुस्मृतीत. (पॅट्रिक ऑलिव्हेल यांचं 1993चं पुस्तक यावर आहे, जड आहे पण वाचाच.)

आणि वैदिक सोमयागातला यजमान? दीक्षा घेतली की काळवीटाचं कातडं, दुधावर राहणं, जमिनीवर झोप, ब्रह्मचर्य. शेवटी अवभृथ स्नान, की परत घरी. गंमत म्हणजे तो विवाहितच लागतो, आणि पत्नीलाही दीक्षा असते. घरदार असलेल्यानं मुदतीपुरतं घेतलेलं वैराग्य!

लगेच "बघा, सगळं वेदांतूनच आलं" म्हणू नका बरं का. भिल्ल-पावरांचे देव त्यांचे, कारणंही त्यांची. आमच्या ऑफिसातला एकजण दरवर्षी अय्यप्पासाठी 41 दिवस काळे कपडे घालून अनवाणी मीटिंगला येतो, त्याचंही तसंच. असो.

पहाटे होळी पेटली तसे आजोबा उठून पुन्हा नाचात शिरले. मित्र म्हणाला, "पुढच्या बाजारी मोलगीला दिसतील, साधा सदरा घालून. तू ओळखणार नाहीस."